चेन बदलायची, तर दातांसकट

टायमिंग चेन हा इंजिनाचा भाग गाडीच्या मालकाला सहसा दिसत नाही. तो फक्त ऐकू येतो, आणि तेही बिघडू लागल्यावर. माझ्या गाडीत तो ऐन थंडीत ऐकू येऊ लागला. इंदूरला जानेवारीत पहाटेचा पारा आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. रात्रभर अंगणात उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केली, की इंजिनाच्या ज्या टोकाला पुल्या आणि फॅन बेल्ट असतात त्या बाजूने दोन-तीन सेकंद कोरडा खळखळाट होई आणि मग सारे पूर्ववत शांत होई. गाडी जुनी घेतलेली, १.२ लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. काटा सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला. आधीच्या मालकाने दिलेल्या सर्व्हिसच्या पावत्या मी तारीखवार लावून पाहिल्या, तेव्हा दोन ऑइल-बदलांमधली अंतरे भलतीच मोठी निघाली, आणि आवाजाचे मूळ कुठे असावे याचा अंदाज गॅरेजला जाण्याआधीच आला.

देवास नाक्याच्या अलीकडे ज्या गॅरेजमध्ये मी जाते, त्याचे मालक मराठी आहेत. त्या भागात सगळे त्यांना काका म्हणतात, तशी मीही म्हणते. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली, कारण गरम इंजिनात हा आवाज येतच नाही. सकाळी बॉनेट उघडून लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक टायमिंग कव्हरवर टेकवले, मूठ कानाच्या हाडाला लावली आणि हाताखालच्या पोराला चावी फिरवायला सांगितले. एकदाच ऐकून ते म्हणाले, "ताई, चेनच आहे. पण चेन बदलायची म्हणजे नुसती चेन नाही हां, पूर्ण किट. स्प्रॉकेट, गाइड, टेन्शनर सगळं. नुसत्या चेनला मी हात लावत नाही."

हा हट्ट अनेक ग्राहकांना मेकॅनिकची लबाडी वाटते, आणि तशी लबाडी बाजारात होत नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र या एका कामापुरता काकांचा हट्ट रास्त आहे, असे माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठी आधी ही साखळी करते काय, ते पाहावे लागेल.

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत एका सिलिंडरचे एक आवर्तन पूर्ण होते: हवा आणि इंधन आत घेणे, ते दाबणे, त्याचा स्फोट, आणि जळका वायू बाहेर टाकणे. या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, एकदाच उघडायचा असल्यामुळे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरावा लागतो. हा निम्मा वेग दातांच्या हिशेबातून मिळतो. क्रँकच्या स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चाकाला, १८ दात असतील, तर कॅमच्या स्प्रॉकेटला ३६ असतात, आणि दोहोंना साखळी बांधून ठेवते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटत असतो, आणि पिस्टन वर येण्याच्या आत त्याला आपल्या जागी परतावे लागते. आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टनचा आणि उघड्या व्हॉल्व्हचा वावर एकाच जागेत असतो. दोघे वेगवेगळ्या क्षणी तिथे येतात म्हणूनच इंजिन शाबूत राहते. साखळी तुटली किंवा पुरेसे दात ओलांडून सटकली, की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवण्याची वेळ येते.

साखळीची धाव किती असते, याचा मी कागदावर एक ढोबळ हिशेब केला. या कामात ८ मिलिमीटर पिचच्या, म्हणजे दोन सांध्यांमध्ये तेवढे अंतर असलेल्या, साखळ्या सर्रास वापरतात. १८ दातांवरून अशी साखळी क्रँकच्या एका फेरीत १४४ मिलिमीटर पुढे सरकते. शहरात सरासरी ताशी ३० किलोमीटर वेग आणि सरासरी २००० फेऱ्या धरल्या, तर एका किलोमीटरला इंजिन ४००० फेऱ्या घेते. लाख किलोमीटरला त्या ४० कोटी होतात, आणि तेवढ्यात साखळी स्वतः सुमारे ५७,६०० किलोमीटर धावलेली असते, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्तावरून एक पूर्ण प्रदक्षिणा आणि वर बरेच काही. शिवाय जवाहर मार्गावर किंवा राजवाड्याच्या आसपास गाडी जागच्या जागी घुरघुरत उभी असते, तेव्हा काटा हलत नाही, साखळी मात्र धावत असते. आपल्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगवान चाचणीमार्ग २०२१ साली खुला झाला. त्याचा अभिमान वाटावा हे खरेच, तरी इंदूरकरांच्या गाड्यांच्या साखळ्यांची परीक्षा संध्याकाळचे चौक अधिक कठोरपणे घेतात.

आता झिजेकडे येऊ. साखळी लांब होते, ती पोलाद ताणले गेल्यामुळे नव्हे. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिच्या भोवतालचे बुश एकमेकांवर घासून केसभर झिजतात आणि दोन सांध्यांमधले अंतर तेवढ्याने वाढते. एका सांध्याची झीज डोळ्यांना दिसत नाही, पण शंभरावर सांध्यांची बेरीज दिसते. ढिली बाजू सांभाळायला टेन्शनर असतो: इंजिन ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा एक दांडा, जो वक्र गाइडला रेटून साखळी घट्ट ठेवतो. बरेच टेन्शनर दात्यांचे असतात. पुढे गेलेला दांडा सहजी मागे येत नाही, त्यामुळे साखळी लांबत जाते तसतसा तो बाहेर येत राहतो आणि आवाज पुष्कळ काळ झाकून ठेवतो. मात्र टेन्शनर फक्त ढिल्या बाजूवर काम करतो. क्रँक जी बाजू ओढत असतो, ती लांबली तर तिथे त्याचा काही इलाज चालत नाही. त्या बाजूला ३० कड्या असतील, तर २४० मिलिमीटरवर अर्धा टक्का वाढ म्हणजे १.२ मिलिमीटर होते, आणि ३६ दातांच्या चाकावर तेवढ्याने कॅम दीड अंश मागे पडतो. क्रँकच्या मोजणीत ते तीन अंश झाले. सगळे व्हॉल्व्ह तेवढे उशिरा उघडतात आणि उशिरा मिटतात. गाडी चालते, पण चढावर दम कमी पडतो. सिमरोलच्या पुढे भेरूघाट चढताना मी पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये जात असे आणि अलीकडे दुसरा टाकावा लागत होता, याचे कारण मी क्लचमध्ये शोधत होते.

ज्या गाड्यांत व्हॉल्व्हचे टायमिंग बदलणारी यंत्रणा, म्हणजे व्हीव्हीटी असते, त्यांत संगणक हा उशीर काही प्रमाणात सावरून घेतो. सावरण्याची हद्द संपली, की चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि स्कॅनर लावला तर बहुधा पी००१६ हा कोड दिसतो. क्रँकची आणि कॅमची जागा एकमेकांशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या कोडवर विसंबून पुष्कळ ठिकाणी आधी सेन्सर बदलला जातो. सेन्सर बदलणे सोपे असते म्हणून तो बदलला जातो, असे माझे निरीक्षण आहे.

सुरुवातीच्या खळखळाटाचे स्पष्टीकरणही टेन्शनरमध्येच आहे. इंजिन बंद झाले, की त्यातला ऑइलचा दाब उतरतो. सकाळी पंपाने नवा दाब पोचवेपर्यंत लांबलेली साखळी सैल असते आणि गाइडवर आपटते. ऑइल फिल्टरमध्ये तेल मागे ओघळू न देणारी रबराची झडप असते. हलक्या फिल्टरमध्ये ती नीट बसत नाही किंवा कडक झालेली असते, आणि मग चांगली साखळीही सकाळी वाजते. म्हणून काकांनी आधी फिल्टर बदलून दुसऱ्या सकाळी पुन्हा ऐकले. आवाज कायम राहिला, तेव्हाच त्यांनी किट आणायला सांगितले. हा एक दिवस त्यांनी घालवला नसता, तर मी त्यांच्यावर इतका विश्वास टाकला नसता.

चेन हा काही नवा शोध नव्हे. मूळचे स्विस आणि मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेले हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये बुश-रोलर साखळीचे पेटंट घेतले, आणि आजच्या रोलर साखळीची घडण मुळात तीच आहे. आपल्या रस्त्यांवरच्या अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत कॅमशाफ्ट साखळीनेच फिरत असे. दातेरी रबरी पट्टा मोटारीत आला तो १९६२ च्या सुमारास, जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या गाडीतून. आपल्याकडे १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने तो घरोघर नेला. पट्टा स्वस्त होता, आवाज करत नव्हता, मात्र ठरावीक अंतराने बदलावा लागे, आणि ज्यांनी तो बदलला नाही त्यांच्या गाड्या रस्त्यात उभ्या राहिल्या. पुढे अनेक उत्पादक पुन्हा साखळीकडे वळले आणि 'चेन आहे, बदलावी लागत नाही' असा समज विक्रेत्यांपासून ग्राहकांपर्यंत रुजला. इंजिनाच्या आयुष्याइतकी ती टिकू शकते हे खरे आहे, परंतु त्यात स्वच्छ ऑइलची अट गृहीत धरलेली असते, आणि ती अट कोणी सांगत नाही. वेळेवर न बदललेल्या ऑइलमध्ये काजळी आणि झिजेचे कण फिरत राहतात. पिन आणि बुश यांच्यामधल्या बारीक फटीत तेच घासणीचे काम करतात.

किट आणायला मी सरवटे बसस्थानकाजवळच्या छोटी ग्वालटोलीत गेले. दुकानदाराने विचारले, "सिर्फ चेन दूँ या पूरा सेट?" नुसत्या साखळीचा भाव सेटच्या निम्म्याहून कमी होता, आणि सेटमध्येही इनटेक कॅमचे, म्हणजे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचे, व्हीव्हीटी स्प्रॉकेट धरलेले नव्हते, ते वेगळे आणि सर्वांत महाग. मोह इथेच होतो. इंजिन उघडेपर्यंत ते घ्यायचे नाही आणि उघडल्यावर दात पाहून ठरवायचे, असे मी काकांशी बोलून ठरवले, आणि सेटचे खोके परत घेण्याची अट दुकानदाराने कुरकुरत मान्य केली.

उघडण्याचे काम धीराचे होते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, ऑइल सोडले, उजवे पुढचे चाक आणि त्यामागचे प्लास्टिकचे अस्तर काढले. ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिनाचा भार पेलला, मग त्या बाजूचे माउंटिंग सोडले. फॅन बेल्ट, वरचे टॅपेट कव्हर आणि शेवटी क्रँकची पुली. पुलीचा बोल्ट इतका घट्ट होता, की काकांनी पुली धरायचे खास हत्यार लावून पान्याला लांब पाइप जोडला. काही गॅरेजांत असा बोल्ट स्टार्टर मारून सोडवतात. ते नाव काढताच काकांनी हात झटकला. टायमिंग कव्हरचे बोल्ट एका लांबीचे नसतात, म्हणून पोराने पुठ्ठ्यावर कव्हराची आकृती काढून ज्या त्या जागी ते खोचून ठेवले. ही साधी युक्ती मला फार आवडली. लांब बोल्ट आखूड भोकात गेला, तर अॅल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजावे.

कव्हर निघाल्यावर सगळे समोर आले. प्लास्टिकच्या गाइडवर साखळीच्या दोन पट्ट्यांनी दोन खोल चर पाडले होते आणि एका गाइडच्या टोकाचा टवका उडालेला होता. तो टवका कुठे गेला हे शोधणे काकांना साखळीहून महत्त्वाचे वाटले, आणि त्यांनी ऑइल पॅन उतरवले. तो पंपाच्या जाळीला चिकटलेला सापडला, आणखी दोन-तीन बारीक तुकड्यांसोबत. जाळी तुंबली तर ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंगे जातात. तेव्हा चेन नवी असून उपयोग शून्य.

जुनी आणि नवी साखळी त्यांनी भिंतीतल्या एका खिळ्यावर शेजारी शेजारी टांगली. वरच्या टोकाला दोन्ही एकच. खालच्या टोकाला जुनी जेमतेम अडीच मिलिमीटर खाली उतरलेली. वेटोळे दुमडून लोंबते म्हणून खरी वाढ याच्या दुप्पट धरायची, म्हणजे सुमारे एक मीटर लांबीच्या साखळीवर पाच मिलिमीटर, अर्धा टक्का. मग त्यांनी जुनी साखळी आडवी धरून एक टोक सोडले. ती बाजूला कमानीसारखी झुकली. नवी जवळपास सरळ राहिली. एवढ्याशा फरकाने घाटात गिअर बदलायला लागतो, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही.

दातांची पाहणी त्यांनी व्हर्नियरने केली. काही जपानी गाड्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ही पद्धत दिलेली असते: नवी साखळी स्प्रॉकेटवर घट्ट गुंडाळायची आणि रोलरांसकट बाहेरचा व्यास मोजायचा, तो दिलेल्या मर्यादेखाली गेला, तर चाक बाद. क्रँकचे लहान चाक उघडच बाद होते, दात एका अंगाने आकड्यासारखे वळलेले. तसे होणे स्वाभाविक आहे, कारण निम्मे दात असल्यामुळे त्याचा प्रत्येक दात कॅमच्या दाताच्या दुप्पट वेळा साखळीला भेटतो. एक्झॉस्टचे, म्हणजे जळका वायू सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या कॅमचे, चाक सीमेवर होते. व्हीव्हीटीचे चाक मापात बसत होते, पण दाताच्या तळाशी बोटाच्या नखाला लागेल अशी पायरी पडली होती.

लांबलेली साखळी आपल्या दातांनाही स्वतःच्या मापाचे करून घेते. तिचे रोलर दातावर थोडे वर चढून बसतात आणि तिथेच घासतात. अशा दातांवर खऱ्या मापाची नवी साखळी चढवली, तर तिचा भार सगळ्या दातांवर वाटला जात नाही, एक-दोन दातच तो ओढतात, आणि सुटताना रोलर आकड्यात अडकून झटका बसतो. सायकलची चेन बदलून जुने फ्रीव्हील ठेवणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे: पेडलवर जोर दिला, की नवी चेन सटकते. मापात बसणारे चाक पुन्हा वापरायला पुस्तिका हरकत घेत नाही, हे काकांनी मला प्रामाणिकपणे सांगितले, आणि निर्णय माझ्यावर सोडला. मी व्हीव्हीटीचे चाकही घेतले. या कामात मजुरीचा वाटा मोठा असतो; वर्षा-दोन वर्षांनी एका चाकासाठी तेच कव्हर पुन्हा उघडायचे, तर आजची बचत कोणत्या हिशेबात धरावी?

बसवतानाचा सारा जीव खुणांत असतो. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वर आणायचा, कॅमवरच्या खुणा जागेवर आणायच्या आणि साखळीतल्या वेगळ्या रंगाच्या कड्या त्या त्या स्प्रॉकेटच्या खुणेवर बसवायच्या. कॅमचे बोल्ट आवळताना कॅमशाफ्टवरचा षटकोनी भाग पान्याने धरतात. साखळीच्या आधाराने कॅम अडवला, तर नव्या गाइडवर ताण येतो. टेन्शनरचा दांडा आत दाबून पिनेने अडकवलेला असतो. ती पिन सर्वांत शेवटी ओढायची. काकांनी ती ओढली, दांडा टक्कन बाहेर आला आणि साखळीची ढिली बाजू ताठ झाली.

यानंतर क्रँक हाताने, पान्याने, फिरण्याच्या दिशेनेच दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहतात. पोराने पाहिले आणि घाबरून ओरडला, "काका, कलर वाली कड़ी तो आगे निकल गई!" स्प्रॉकेटच्या खुणा बरोबर जागी होत्या, रंगीत कड्या मात्र भलतीकडे. अनेक नवशिके इथे घाबरून सगळे पुन्हा सोडतात. दोन फेऱ्यांत साखळी ३६ कड्या पुढे जाते. तिच्यात एकूण १२२ कड्या असतील, तर रंगीत कड्या पुन्हा आपल्या खुणांवर यायला क्रँकच्या १२२ फेऱ्या लागतात. रंग फक्त बसवताना उपयोगी. तपासणी स्प्रॉकेटच्या खुणांवरूनच करायची. एका दाताची चूक म्हणजे कॅमवर १० अंश, क्रँकवर २० अंश. पान्याला कुठे अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता थांबायचे, कारण अडवणारा बहुधा व्हॉल्व्ह असतो. स्टार्टरला ही जाणीव नसते, म्हणून या दोन फेऱ्या हातानेच.

बाकीचे काम उलट क्रमाने झाले आणि त्यात सांगण्याजोगे थोडेच आहे. पुढचे ऑइल सील नवे घातले, जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढले, नव्याची सलग बारीक वळी ओढून कव्हर बसवले, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. सीलंट नीट धरावे म्हणून गाडी त्या रात्री तशीच ठेवली. सकाळी ऑइल भरून, इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारला, म्हणजे इंजिन न पेटता पंपाने टेन्शनरपर्यंत तेल पोचवले. मग कनेक्टर जोडून चावी फिरवली. क्षणभर खळखळ झाली आणि थांबली. रिकाम्या टेन्शनरची ती पहिली धार होती. पुढच्या सकाळी गाडी थंड असताना काहीच वाजले नाही.

काकांनी बिलाच्या मागे लिहून दिले ते असे: हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, कारण उघडझाप केल्यावर इंजिनात बारीक कचरा राहतोच; पुढे पुस्तिकेतल्या अंतराच्याही आधी बदला, कारण शहरात गाडी उभी राहून जास्त चालते; ऑइल पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच, आवाज दाबण्यासाठी जाड नको, ते थंडीत टेन्शनरला उशिरा पोचते. आणि शेजाऱ्याच्या गाडीचा सकाळचा आवाज दोन-तीन सेकंदांत थांबत असेल, तर त्यांना आधी फिल्टर बदलायला सांगा. गरम इंजिनातही तो येत राहिला, तर गाडी चालवत माझ्याकडे आणू नका म्हणावे, टो करून आणा.